पोटगीत धरलेली म्हैस

गरीब दिसावं म्हणून म्हैस विकत घेतलेला माणूस आख्ख्या मंगळवार पेठेत एकच झाला, आणि तो म्हणजे आकाराम चौगुले. श्रीमंत दिसायला म्हैस घेणारे पुष्कळ. कर्ज काढून घेणारेही गल्लीगणिक सापडतील. पण कोर्टानं आपल्याला दरिद्री म्हणावं एवढ्यासाठी दावणीला जनावर आणून बांधणारा हा पहिलाच, आणि त्याचं पुढं जे झालं ते बघितल्यावर शेवटचाही.

आकाराम पाटबंधारे खात्यात कारकून होता. त्याचा आणि रूपालीचा घटस्फोट राजीखुशीनं झाला. लग्नाला चार दिवस मांडव होता, हे काम अर्ध्या तासात उरकलं. भांडी वाटून झाली, कपाट ती घेऊन गेली, पंखा याच्याकडं राहिला. नऊ वर्षांची अक्षता आईबरोबर जयसिंगपूरला आजोळी गेली आणि महिन्यातले दोन रविवार बापाकडं यायची असं ठरलं. एकाच गोष्टीवर गाडी अडली. पोरीच्या पोटगीचे रूपाली पंधराशे म्हणत होती, आकाराम काहीच म्हणत नव्हता. शेवटी हा आकडा कोर्टानं ठरवावा असं कागदावर आलं. हे साल दोन हजार दोन.

आकाराम चिक्कू नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कुणालाही तसंच वाटेल. त्याचं दुखणं वेगळं होतं. रविवारी मामा अक्षताला स्टँडवर आणून सोडायचा. ती यष्टीतनं उतरली की पहिल्यांदा तिचं मागणं सुरू व्हायचं. पप्पा, स्केचपेनं पाहिजेत. पप्पा, रिबिनी पाहिजेत. आकाराम कपाळाला आठ्या घालायचा, मागची कुठं गेली म्हणून विचारायचा, पैसे काय झाडाला लागतात काय म्हणायचा, आणि मग तिला महाद्वार रोडला नेऊन सगळं घेऊन द्यायचा, वर उसाचा रस. त्या दोन रविवारांत त्याला आपण बाप आहोत असं वाटायचं. बाकीचे दिवस तो नुसता कारकून. उद्या कोर्टानं रक्कम बांधून दिली, ती दरमहा रूपालीच्या हातात पडायला लागली, पोरीला सगळं तिकडंच मिळालं, तर ती आपल्याकडं काय मागणार? आणि मागायचं काही उरलं नाही तर येणार तरी कशाला? ही भीती त्यानं कुणाला सांगितली नाही. लोकांपुढं तो एवढंच म्हणायचा, "माझ्या पोरीला मी देतोय की. कोर्टानं कशाला सांगाय पायजे?"

लोकांना एवढं पुरतं. कोल्हापुरात माणूस अडचणीत आला की पैसे कुणी देत नाही, पण सल्ला द्यायला जेवणावरनं उठून येतात. सगळ्यात आधी आला तो शेजारचा बाळासो. हा कोर्टात बेलीफ होता, रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली. उभं आयुष्य लोकांच्या दारावर समन्स चिकटवण्यात गेल्यामुळं कायदा आपल्या हाताखालनं गेलाय अशी त्याची पक्की समजूत. त्यानं पाटावर बसून निकालच देऊन टाकला, की पाचशेच्या वर पोटगी ह्या देशात कुणाला मिळत नाही, मिळाली तर मिशी काढीन. आकारामाच्या जिवात जीव आला. पाचशेत काही पोरीचं सगळं भागत नाही, म्हणजे मागायला जागा राहिली. त्या आनंदात त्यानं बाळासोला मिसळ खायला नेलं, आणि बाळासोनं कट दोनदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी शिंत्रे वकिलांकडं गेल्यावर कळलं, की ती पाचशेची अट सरकारनं गेल्याच वर्षी काढून टाकली. शिंत्रे वकील डोळे मिटून बोलायचे आणि फीचा विषय निघाला की तेवढे उघडायचे. त्यांनी समजावून सांगितलं. बाप कमावतो किती, आई कमावते किती, आणि पोराला लागतं किती, ह्या तिन्ही गोष्टी कोर्ट बघतं. बापाच्या घरी पोरगं ज्या इतमामानं राहिलं असतं त्या इतमामाला धरून आकडा काढतं. रूपाली जयसिंगपूरला एका खाजगी शाळेत मानधनावर शिकवायची, आणि ते मानधन वेळेवर आलं तर शाळेत पेढे वाटायची पद्धत होती. तेव्हा सगळी भिस्त आकारामाच्या पगारावर. वकिलांनी पगाराची पावती मागितली, शेवटची ओळ बघितली आणि चक्क डोळे उघडले.

"एवढे हातात येतात?"

"व्हय."

"फार येतात हो."

आकारामाच्या आयुष्यात त्याला पगार फार मिळतो असं म्हणणारा हा पहिला माणूस. रूपालीनं असं एकदा जरी म्हटलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं असं त्याला जिना उतरताना वाटून गेलं.

बाळासोची मिशी शाबूत होती. पाचशेचा विषय त्यानं काढला नाही, नवा सल्ला काढला. हातात येणारा पगार जास्त असेल तर तो कमी करायचा, त्यात काय एवढं? पगारातनं कपात वाढवायची. पावतीवरची शेवटची ओळ अशी दिसली पाहिजे की न्यायाधीशानंच खिशात हात घालावा. हापिसातल्या मंडळींनीही मान डोलावली. आकारामानं प्रॉव्हिडंट फंडाची वर्गणी वाढवून घेतली. पलीकडच्या टेबलावरचा विम्याचा एजंट वर्षानुवर्षं त्याच्या मागं होता आणि हा त्याला बघून संडासात जाऊन बसायचा. आता हाच आपण होऊन गेला आणि म्हणाला, दोन पॉलिश्या कर. एजंटाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण एवढं करूनही शेवटची ओळ पुरेशी केविलवाणी दिसेना, तेव्हा सगळ्यांचं एकमत झालं की पतसंस्थेचं कर्ज काढल्याशिवाय भागणार नाही.

नोकरांच्या पतसंस्थेचा सेक्रेटरी नियमाचा माणूस. कर्ज कशासाठी, हा रकाना मोकळा ठेवायचा नाही हा त्याचा नियम. लग्नकार्यासाठी म्हणावं तर काडीमोडाची बातमी संस्थेत सगळ्यांना ठाऊक. घरदुरुस्तीसाठी घरमालकाची संमती आणि घरफाळ्याची पावती पाहिजे. आजारपणासाठी दाखला पाहिजे, आणि आकारामाची तब्येत त्या वेळी तरी ठणठणीत होती. शेवटी सेक्रेटरीनंच कनवाळूपणानं सांगितलं, की जोडधंद्याखाली म्हैस टाका, त्याला कागद लागत नाहीत. आकारामानं सही केली. कागद लागत नाहीत ते एवढ्यासाठी, की त्याला म्हैसच लागते, हे सही झाल्यावर कळलं. विम्याचा माणूस येऊन जनावराच्या कानाला बिल्ला मारणार, मालकाला शेजारी उभा करून फोटो काढणार, मग चेक. शिवाय दोन जामीनदार. हापिसातले दोघे तयार झाले ते आनंदानं, कारण त्यांनाही कर्ज पाहिजे होतं आणि त्यांना जामीनदार मिळत नव्हता. आकारामानं त्यांच्याही कागदावर सह्या ठोकल्या.

म्हैस कागलहून आणली. बाळासो बरोबर होता, कारण त्याला जनावरातलंही कळतं. त्यानं दात बघितले, कासेवर हात फिरवला, म्हशीनं त्याच्या पोटरीवर लाथ घातली आणि तो म्हणाला, चांगली पाणीदार हाय. टेंपोत भाड्याची घासाघीस करून तिला चढवली. हायवेवर सबंध वाटभर आकाराम तिचा कासरा धरून पाठीमागं उभा होता. पोटगी टाळण्यासाठी आपण म्हैस घेऊन चाललोय, ह्याचा त्याला तेव्हाच एकदा जाब विचारावासा वाटला, पण विचारायचा कुणाला? बाळासो पुढं ड्रायव्हरशेजारी झोपला होता.

पेठेत तानाबाईचा गोठा होता. तानाबाई म्हणजे गल्लीतली जुनी गवळीण, तोंडानं फटकळ, हातानं सढळ. तिनं म्हैस बांधून घेतली. चारा आकारामाचा, धार तिनं काढायची, दूध विकून पैसे निम्मे. आकारामानं सांगितलं, मावशी, ही म्हैस तशी कुणाला दाखवायची नाही. तानाबाई म्हणाली, म्हस हाय का पळवून आणल्याली पोरगी? दोन दिवसांत पेठेला सगळी हकीकत कळली आणि लोकांनी म्हशीचं नाव पोटगी ठेवलं. पोटगी आली का धारंला, पोटगीनं आज पाटी उलथली, असं गल्लीतनं मोकळेपणानं चालायचं. आकारामाच्या कानशिलावर शीर उडायची.

अक्षताला मात्र म्हैस फार आवडली. रविवारी आल्याबरोबर ती गोठ्यात पळायची, पेंडीचा तुकडा हातावर ठेवून म्हशीच्या तोंडापुढं धरायची आणि खरखरीत जीभ लागली की किंचाळून हसायची. एकदा तिनं विचारलं, "पप्पा, पोटगी म्हंजे काय?"

"म्हशीचं नाव," आकाराम म्हणाला.

ती म्हणाली, छान आहे.

कर्जाचा हप्ता पगारातनं कटायला लागला आणि पावतीवरची शेवटची ओळ खरोखरच केविलवाणी झाली. शिंत्रे वकिलांनी डोळे मिटून समाधान व्यक्त केलं. कर्ज घरगुती अडचणीसाठी काढलं असं लिहायचं आणि म्हशीचं नाव घ्यायचं नाही, असं ठरलं. मग त्यांनी विचारलं, पोरीला आतापर्यंत काय काय घेऊन दिलंय त्याच्या पावत्या आहेत का? आकाराम हाडाचा कारकून. त्यानं सगळ्या पावत्या जपून ठेवलेल्या, आणि ज्याला पावती मिळत नाही त्याची यादी आपल्या हातानं लिहून दिली. बाप पोरीसाठी किती करतो हे न्यायाधीशाला दिसावं, असं त्याच्या मनात होतं. उलट थोडा अभिमानच होता.

कोर्टाच्या आवारात टायपिस्टापुढं बसून त्यानं प्रतिज्ञापत्र वाचायला घेतलं आणि तिसऱ्याच परिच्छेदात त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सदर सामनेवाला हा एक वेळ जेवून दिवस काढत असून थोरल्या भावाचे जुने शर्ट वापरतो, असं लिहिलेलं. आकारामाला थोरला भाऊच नव्हता. तो शिंत्र्यांशी भांडला, शर्ट काढा म्हणाला. एक वेळ जेवणं चालंल, पण शर्ट नको. शिंत्रे म्हणाले, शर्टाशिवाय परिणाम होत नाही. टायपिस्टानं हे सगळं ऐकून मशीन थांबवलं, आकारामाकडं कणवेनं बघितलं आणि त्याला चहा मागवला. पैसे देऊ दिले नाहीत. वर म्हणाला, पावणं, बिस्कीट पण घ्या. त्या अपमानानं आकारामाचं डोकं असं भणाणलं की पुढची तीन पानं त्यानं वाचलीच नाहीत. शर्टावर हात ठेवून त्यानं सही केली. त्या न वाचलेल्या पानांतच त्याच्या पावत्या आणि त्याच्या अक्षरातली यादी होती.

इथपर्यंत सगळं रीतसर चाललं होतं. नासलं ते दिवाळीच्या पाडव्याला.

पाडव्याला कोल्हापुरात म्हशी नटवतात. अंगावरचे केस भादरून नक्षी काढायची, शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा, डोक्यावर मोरपिसं, पायात चांदीचे तोडे. मालक सायलेन्सर काढलेली मोटरसायकल फडफडवत पुढं सुटतो आणि म्हैस त्याच्या हाकेला मागनं पळते. बघायला रस्ता दुतर्फा फुललेला असतो. आकारामानं ठरवलं होतं की आपण काही नटवायची नाही, कोर्टाची तारीख दिवाळीनंतर आहे, गप राहायचं. तानाबाईनं सांगून बघितलं, सणाच्या दिवशी बिनशिंगारीची म्हस दारात बरी दिसत न्हाई. तो बधला नाही. पण पाडव्याच्या सकाळी पलीकडच्या गल्लीतला एकजण गोठ्यावरनं जाता जाता म्हणाला, "ही कोर्टातली म्हस व्हय? हिला कुठली चांदी. हिला दावा लावा गळ्यात."

झालं. माणसानं आपल्याला भिकारी म्हटलेलं आकारामानं प्रतिज्ञापत्रावर सही करून सोसलं होतं. म्हशीला म्हटलेलं त्याला सोसेना. दुपारपर्यंत त्यानं उसने तोडे आणले, कवड्या आणल्या, शिंगांना सोनेरी रंग फासला, बाळासोच्या पुतण्याची मोटरसायकल घेतली. म्हैस अशी पळाली की लोक बाजूला होऊन बघत राहिले. आकाराम हाक मारायचा आणि ती माणसाच्या लेकरागत मागं यायची. पेठेच्या मंडळानं पहिला नंबर दिला, भगवा फेटा बांधला, गुलाल उधळला. लग्न मोडल्यापासनं तो पहिल्यांदा तोंड भरून हसला, आणि नेमका तेव्हाच पेपरवाल्यानं फोटो काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्हाभर तो फोटो गेला. फेटा बांधलेले आकाराम चौगुले, चांदीनं मढलेली त्यांची म्हैस. जयसिंगपूरलाही तो पेपर जातो, हे तानाबाईनं कात्रण दारावर चिकटवल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

कोर्टात रूपालीकडनं मगदूम वकील होते. जयसिंगपूरचा शांत, गोड बोलणारा माणूस. न्यायाधीश बाई होत्या. पोरीला एकदा बघायचंय म्हणून त्यांनी बोलावलं होतं, त्यामुळं अक्षता रूपालीशेजारी मागच्या बाकावर बसलेली, दोन वेण्या, पाय अधांतरी. बापाला बघून तिनं हात हलवला. मगदूम वकिलांनी आधी मागणी वाढवण्याचा अर्ज दिला, मग कात्रण मॅडमच्या पुढं ठेवलं आणि पिंजऱ्याकडं वळले. आकाराम तयारीत होता. म्हैस आहे पण नावाला आहे, असं म्हणायचं, एवढं शिंत्र्यांनी पढवून ठेवलं होतं.

"म्हैस दिसायला बरी आहे," मगदूम म्हणाले. "पण दुधाला काही नाही म्हणतात."

आकाराम गप्प राहिला. शिंत्र्यांनी मान हलवून शाबासकी दिली.

"वेळेला दोन लिटर, तेही नुसतं पाणी, असं ऐकलं. कागलच्या माणसानं तुम्हाला भाकड जनावर गळ्यात मारलं. फसलात तुम्ही."

शिंत्रे जोरात खोकले. पण खोकल्याचा उपयोग होण्याची वेळ गेली होती.

"कोण म्हणतंय?" आकाराम कठड्यावर हात आपटून म्हणाला. "वेळंला सहा लिटर देती. दोन्ही वेळंला. आणि फॅट असलं की बोट बुडवलं तर बोटाला राहतंय."

मगदूम वकील म्हणाले, एवढंच विचारायचं होतं, आणि खाली बसले. शिंत्र्यांनी डोळे मिटले ते त्या दिवशी पुन्हा उघडले नाहीत.

मग मॅडमनी हिशेब केला, आणि तो सगळ्यांना समजेल असा बोलून केला. पगारातली सक्तीची कपात वजा धरली. जास्तीचा फंड, विमा, पतसंस्थेचं कर्ज हे सामनेवाल्यानं आपल्या मर्जीनं केलं, ते पोरीच्या तोंडातनं काढता येणार नाही. दुधाचं उत्पन्न चारापाणी वजा जाता धरलं. आईचं मानधन धरलं. पोरीची शाळा, दप्तर, कपडे, दवाखाना धरला. आकाराम ऐकत होता. ह्यातलं काही चुकीचं आहे असं त्याला कुठंच सापडेना आणि तेच त्याला जास्त लागत होतं. मग मॅडमनी प्रतिज्ञापत्राचं पुढचं पान उलटलं आणि चष्मा वर सरकवला.

"आणि ही वजावट मागितली आहे. मुलीला आधीच दिलेल्या वस्तूंची." त्या वाचायला लागल्या. "स्केचपेनं, एक डबी. रिबिनी. प्लॅस्टिकची बाहुली. रंकाळ्यावर घोड्याची फेरी. उसाचा रस, दोन ग्लास."

त्या थांबल्या. "दोन ग्लास?"

"एक माझा हुता," आकाराम म्हणाला.

कोर्टात खसखस पिकली. पट्टेवालासुद्धा हसला. आकारामानं मागं बघितलं. रूपाली हसत नव्हती, ती पोरीकडं बघत होती. अक्षता कपाळाला बारीक आठी घालून ऐकत होती, गणित घातल्यावर पोरं ऐकतात तशी. रूपालीच्या कानाला लागून तिनं काहीतरी विचारलं. रूपालीनं नुसती मान हलवली. मॅडम म्हणाल्या, बापानं पोरीला हौसेनं दिलेलं पोटगीत धरत नाहीत, असलं मागूसुद्धा नये, आणि त्यांनी त्या पानावर आडवी रेघ मारली. आकारामाला सांगायचं होतं, की हे मी मागितलं नाही, मला फक्त दाखवायचं होतं. पण सही त्याची होती, अक्षरही त्याचंच होतं.

पोटगी अठराशे बसली. रूपालीनं पहिल्यांदा मागितली होती त्याच्यावर तीनशे. ते तीनशे म्हशीचे, असा पेठेनं हिशेब केला. रक्कम परस्पर पगारातनं कापून पाठवायची, असाही हुकूम झाला, त्यामुळं आपल्या हातानं देण्याचंही राहिलं नाही.

पुढचं लवकर सांगून टाकतो, त्यात सांगण्यासारखं सुख काही नाही. ज्या दोघांना आकाराम जामीन राहिला होता त्यातल्या एकानं कोकणात बदली करून घेतली आणि हप्ते बुडवले. ते आकारामाच्या पगारातनं कटायला लागले. म्हैस उन्हाळ्यात आटली. चाऱ्याचा खर्च झेपेना म्हणून ती निम्म्या किमतीत विकली आणि कर्ज तसंच राहिलं. विम्याच्या पॉलिश्या बंद पडल्या, एजंट ओळख दाखवीना. शिंत्रे वकिलांचा तिसरा परिच्छेद शब्दन् शब्द खरा झाला. आकाराम एक वेळ खानावळीत जेवायचा आणि बाळासोनं दिलेला जुना शर्ट घालायचा. एवढ्या मेहनतीनं आलेली गरिबी आता कुणाला दाखवायची सोय नव्हती. बाळासो म्हणाला, अपील कर. आकारामानं त्याच्याकडं नुसतं बघितलं, तेव्हा तो उठून गेला.

हे सगळं त्यानं सोसलं असतं. पण निकालानंतरचे रविवार एकामागनं एक मोकळे गेले. एकदा पोरीची परीक्षा होती, एकदा ताप, एकदा मामाला सवड नव्हती. आकाराम दर वेळी स्टँडवर जाऊन उभा राहायचा आणि जयसिंगपूरची गाडी रिकामी होईस्तोवर थांबायचा. ज्याची भीती होती तेच आपण आपल्या हातानं करून बसलो, हे त्याला त्या फलाटावर दर खेपेला नव्यानं कळायचं.

मग एका रविवारी ती आली. अंगानं वाढली होती. खांद्याला पिशवी होती. आकारामानं तिचा हात धरला आणि वाट बघितली, आता मागेल, मग मागेल. महाद्वार रोडवरनं दोघं चालले. स्टेशनरीचं दुकान आलं तसं तिनं तोंड दुसऱ्या बाजूला केलं. तो थांबला. "स्केचपेनं बघायची?"

"आहेत माझ्याकडं."

रिबिनी नकोत. चप्पल चांगली आहे. उसाचा रस नको, तहान नाही. ऊन मी म्हणत होतं आणि तिचे ओठ सुकले होते. आकारामाच्या खिशात उसने घेतलेले पन्नास रुपये होते, ते हातात चुरगळून ओले झाले. रंकाळ्याच्या काठाला झाडाखाली बसल्यावर त्याला राहवलं नाही. तो म्हणाला, "अक्षू, माग की काहीतरी. मी रागवलोय काय तुझ्यावर?"

ती पाण्याकडं बघत होती. "तुम्ही दिलं की आईच्या पैशातनं वजा करतात. तुम्हीच लिहून दिलंत ना कोर्टात."

आकारामानं सांगितलं, की तसं काही झालं नाही, मॅडमनी रेघ मारली, वजा कुणी करत नाही. तिनं समजुतीनं मान हलवली, मोठी माणसं हलवतात तशी. पण नको म्हणाली. ह्या पोरीनं आपल्याकडं काहीतरी मागावं एवढ्यासाठी त्यानं सरकार, पतसंस्था, विमा कंपनी सगळ्यांना नाचवलं होतं, आणि आता ती त्याच्याकडं उसाचा रससुद्धा घेत नव्हती. तो रुमालानं तोंड पुसत बसला.

अक्षतानं पिशवीतनं स्टीलचा डबा काढला. आईनं दुपारचं जेवण बांधून दिलं होतं, पप्पांना खर्च पडायला नको म्हणून. चपाती आणि बटाट्याची भाजी. तिनं झाकण मांडीवर ठेवलं, एक चपाती मोडून निम्मी त्यात ठेवली, भाजीतला जास्त वाटा तिकडं सारला आणि झाकण बापापुढं केलं.

"खावा पप्पा," ती म्हणाली. "हे कुणी लिहून ठेवत नाही."

त्यानं झाकण घेतलं. सकाळपासनं त्याच्या पोटात काही नव्हतं, ते लपवावं म्हणून तो सावकाश खायला लागला. पण भूक लपत नाही. तिच्या ते लक्षात आलं असावं, कारण आपला घास तसाच हातात धरून ती त्याच्याकडं बघत राहिली. झाकण रिकामं झाल्यावर तिनं डब्यातली उरलेली चपाती उचलली आणि विचारलं, अजून पाहिजे का.